तक्रारीचा रकाना

सोमवारी दुपारी मिस्त्री एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली उताणा पडून गळका सांधा आवळत होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. पालिकेच्या दवाखान्यातून एक मुलगी बोलत होती. तिने मिस्त्रीच्या बायकोचं नाव घेतलं आणि उद्या मंगळवारी त्यांची तारीख आहे, गोळ्या संपत आल्या असतील, येताना फाईल विसरू नका म्हणावं, असं एका दमात सांगून टाकलं.

ती आता नाही, असं मिस्त्री म्हणाला. मुलीला वाटलं, बाई बाहेर गेल्या आहेत. आल्या की सांगा, म्हणाली. तेव्हा त्याने पाना जमिनीवर ठेवला, ओट्याखालून बाहेर आला आणि सरळ सांगितलं की ती वारली, पाच महिने होऊन गेले. पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"असं कसं काका?" मुलगी म्हणाली. "मागच्या महिन्यात येऊन गेल्यात त्या. त्याच्या आधीच्या महिन्यातही. इथं सह्या आहेत त्यांच्या."

मिस्त्री काही वेडगळ माणूस नव्हता. बायकोला त्याने स्वतःच्या हाताने उचललं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी शेवटचं पाहिलं होतं. तरी फोन ठेवल्यावर त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की मग ती घरी का आली नाही?

राहिलेला सांधा त्याने कसाबसा आवळला. घरची बाई वाकून बघत म्हणाली, अजून थेंब पडतोय की मिस्त्री. पंचवीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

दोघं नवरा-बायको लग्नापासून एकाच खोलीत राहिली होती. मूलबाळ नव्हतं. तिचे कपडे अजून खुंटीवर होते आणि ती कामाला होती त्या लॉन्ड्रीच्या साबणाचा त्यांना वास होता. पहाटे पाणी सुटलं की भिंतीतला पाईप ठोठावायचा. पाईपात हवा अडकली की असं होतं, दहा मिनिटांचं काम. ती असताना रोज म्हणायची, गावभर लोकांचे नळ दुरुस्त करता आणि स्वतःच्या भिंतीत भूत पाळता. आता तो आवाज आला की मिस्त्री उठून बसायचा आणि त्यामागून बादली सरकवल्याचा आवाज येतो का, याची वाट पाहायचा. दुरुस्ती त्याने केली नव्हती.

एक गोष्ट तो कुणापाशी बोलला नव्हता. गेल्या वर्षी एकदा जेवताना ती म्हणाली होती, उजव्या कुशीत दुखतं हो. तो म्हणाला होता, दर महिन्याला दवाखान्यात जातेसच ना, सांग तिथं. बास, एवढंच बोलणं. पुढे तिने तो विषय काढला नाही. मोठ्या इस्पितळात न्यायची वेळ आली तेव्हा गाठ फार पुढे गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले, तर ती म्हणाली, फाईल हरवली. मिस्त्रीने खोली उलटीपालटी केली, पण फाईल मिळाली नाही. तेव्हापासून त्याला एकच प्रश्न खात होता. तिने दवाखान्यात सांगितलं होतं का? सांगितलं असेल, तर त्याला त्या डॉक्टरची मानगूट धरायची होती. सांगितलं नसेल, तर. ते वाक्य तो कधी पुरं करत नसे.

मंगळवारी त्याने मृत्यूचा दाखला खिशात घातला आणि नऊच्या आत दवाखाना गाठला. खिडकीवरचा कारकून शिक्का आणायला आत गेला तो गेलाच. मिस्त्री बाकावर बसला. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटपत होता. त्याने थोडा वेळ कळ काढली, मग उठून खिशातल्या छोट्या पान्याने नळ आवळला आणि पुन्हा येऊन बसला. बाकावर पन्नास-साठ माणसं होती. जो तो आपला कागद गुडघ्यावर सांभाळत होता.

मग शिपायाने तिचं नाव पुकारलं.

मिस्त्रीने दाराकडे पाहिलं. घाईघाईने, पदर सावरत, उशीर झाला हो म्हणत ती आत येणार, असं त्याला दिसलंसुद्धा. दारात कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या बाकावरून एक बाई उठली. प्लास्टिकच्या पिशवीतली जाडजूड फाईल तिने छातीशी धरली होती. ती वळली आणि त्याने तिला ओळखलं. लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरींचे गठ्ठे बांधायची ती. बायकोच्या बरोबरची. मयतीला आली होती आणि सगळ्यांत जास्त रडली होती.

गठ्ठेवालीनेही त्याला पाहिलं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. शिपायाने पुन्हा नाव पुकारलं, या की बाई, झोप लागली का, म्हणाला. मिस्त्रीने तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. वरच्या खिशातून दाखला अर्धा बाहेर दिसत होता. पण इतक्या दिवसांनी ते नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं होतं आणि त्याला कुणीतरी ओ देत होतं, ते मोडायला त्याची जीभ उचलेना. बाई आत गेली. दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर आली.

औषधांच्या खिडकीजवळ जिन्याखाली त्याने तिला गाठलं. ती आधीच बोलून मोकळी झाली.

"भावोजी, तो कागद आज नका देऊ. माझ्या गोळ्या घेऊ द्या. मग काय ते बोला."

"तिच्या नावानं उठताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटतं ना. दर वेळी वाटतं, मागून ती म्हणेल, बस खाली गं, माझा नंबर आहे."

मग तिने सांगितलं. लॉन्ड्री आठला सुरू होते, दवाखाना नऊला उघडतो आणि एकला बंद होतो. महिन्यातून प्रत्येकीला एकदाच अर्धी रजा. त्यात दवाखान्याच्या कार्डाला राहण्याचा पुरावा लागतो, विजेचं बिल लागतं. बाकीच्या पाच जणी पोटभाड्याने राहायच्या, दोघी तर लॉन्ड्रीच्या मागच्या पत्र्याखाली. बिल कुणाच्याच नावावर नव्हतं. बिल होतं ते फक्त मिस्त्रीच्या बायकोकडे. तेव्हा नऊ वर्षांपूर्वी सहा जणींनी ठरवलं की कार्ड एकच. ज्या महिन्यात जिला जमेल, ती त्या नावाने जायची आणि जिला जे होत असेल ते सगळं स्वतःचं म्हणून सांगायची. गोळ्या आणून वाटायच्या. आणखी रजा लागली तर एकमेकींच्या रजा उसन्या घ्यायच्या. तिथे तोंडं बघायला कुणाला वेळ असतो? कुणी कधी विचारलं नाही. खरी कार्डवाली मात्र सगळ्यांत जास्त वेळा जायची. तिला बोलायला जमायचं.

गठ्ठेवालीचा रक्तदाब फार वरचा होता. तिच्या आईला त्यानेच झटका आला होता. गोळी दोन दिवस चुकली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. कार्ड बंद झालं तर तिच्या गोळ्या बंद, हौदावरच्या आक्काचा दम्याचा पंप बंद, सगळंच बंद. हे तिने रडून सांगितलं नाही. चादरी मोजाव्यात तसं सांगितलं.

"ही फाईल हरवली होती," मिस्त्री म्हणाला.

"हरवली नव्हती. तिनंच माझ्याकडे दिली. मोठ्या इस्पितळात, तुम्ही चहा आणायला गेला होतात तेव्हा. म्हणाली, इथं वाचतील आणि सगळ्याजणी अडकाल."

मिस्त्रीने हात पुढे केला. गठ्ठेवालीने फाईल दिली. पुढच्या तारखेपर्यंत परत द्या भावोजी, एवढं ती म्हणाली, आणि तेही खाली बघून. दाखला खिशातच राहिला.

फाईलीत दर पानावर दोन रकाने होते. डावीकडचा तक्रारीचा. तो आतली नर्स भरायची, तिचं अक्षर शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. उजवीकडचा डॉक्टरांचा. त्यात बहुतेक ठिकाणी वेटोळी होती. मिस्त्री सातवीपर्यंत शिकला होता. डावा रकाना त्याला वाचता येत होता.

चार दिवस तो कामावरून आला की तेच वाचत बसला. गुडघे धरतात. दम लागतो. चक्कर येते. दोन महिने पाळी नाही. हातांची सालं निघतात. अंगावरून पांढरं जातं. छातीत धडधड. नऊ वर्षं, शंभराच्या वर खेपा. एकाच तारखेला त्याच बाईला दिवस गेल्याची शंका होती आणि म्हातारपणाचा सांधेदुखीचा त्रासही होता. जगातलं सगळं दुखणं त्या एका नावाखाली येऊन बसलं होतं. वाचता वाचता त्याला ती दिसेनाशी झाली. तिचे गुडघे दुखायचे का? तिला धडधडायचं का? चोवीस वर्षं एका अंथरुणावर काढून हे त्याला सांगता येत नव्हतं. चुलीसमोर बसलेली त्याची बायको आणि फाईलमधली ही बाई, दोघी एकाच खोलीत वावरायला लागल्या आणि दोघींनाही विचारायची सोय नव्हती.

उजवी कूस त्याला तीन ठिकाणी सापडली. पण ती तिची होती की आणखी कुणाची?

शनिवारी दुपारच्या सुट्टीत तो लॉन्ड्रीत गेला. तिथले पाईपही तोच बघायचा, त्यामुळे दारावर कुणी अडवलं नाही. पाचही जणी मागच्या खोलीत मळक्या चादरींच्या ढिगावर डबे सोडून बसल्या होत्या. साबणाच्या हौदावरची आक्का, गठ्ठेवाली, इस्त्रीवर काम करणाऱ्या दोघी सख्ख्या जावा, आणि चादरींच्या घड्या घालणारी, सगळ्यांत लहान घडीवाली. मधली एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती. त्याच्यासाठी सोडली असावी असं समजून तो तिथे बसायला गेला, तर आक्का म्हणाली, भावोजी, तिथं नका, इकडे या. मग त्याला कळलं.

भांडायला आलाय म्हणून सगळ्या अंग चोरून बसल्या होत्या. त्याने फाईल उघडली आणि म्हणाला, मी एकेक वाचतो. जिचं तिने घ्या.

"गुडघे धरतात," त्याने वाचलं. आक्का म्हणाली, ते माझं. "दम लागतो." तेही माझंच. "हातांची सालं निघतात." त्यावर दोघी जावांनी एकदम हात वर केले आणि तुझं कसं, तुझे हात तर लोण्यासारखे, म्हणून त्यांची तिथेच जुंपली. आक्का म्हणाली, वाटून घ्या गं, सालं पुष्कळ आहेत. मग हसू फुटलं आणि भीड मोडली. पाळी चुकलेली धाकट्या जावेची निघाली, ते पोर आता शाळेत जात होतं. पांढरं जायचं ते थोरलीचं. पुरुषासमोर तिने मान वळवून, भिंतीला सांगावं तसं सांगितलं. धडधड आणि चक्कर गठ्ठेवालीची. एक दाढदुखी बराच वेळ बेवारशी राहिली, मग आक्काला आठवलं की ती दाढच आता राहिली नाही. मिस्त्री पेन्सिलीने एकेका ओळीवर खूण करत गेला. नऊ वर्षांचा ढीग अर्ध्या तासात वाटला गेला. धुतलेले कपडे ज्याचे त्याला जावेत तसा.

शेवटी तीन ओळी उरल्या. त्याने पाणी प्यायलं आणि वाचलं.

"उजव्या कुशीत दुखतं."

कुणी हात वर केला नाही.

"उजव्या कुशीत दुखतं. जेवण जात नाही." ही पुढच्या महिन्यातली. मग तिसरी, पावणेदोन महिन्यांनी. "उजव्या कुशीत फार दुखतं." प्रत्येक वेळी ती ओळ सगळ्यांच्या खाली होती. आक्काचे गुडघे, जावेचे हात, सगळ्यांचं सांगून झाल्यावर, जाता जाता सांगितलेली. त्याने पाचही तोंडांकडे पाहिलं. आक्का चादरीचा काठ बोटाला गुंडाळत होती. ते पाचांतल्या कुणाचंच नव्हतं.

म्हणजे तिने सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. मिस्त्रीच्या छातीत काहीतरी सुटं झालं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला, चांगला उभा राहील असा राग. तो म्हणाला, डॉक्टरला सोडत नाही. तीनदा सांगून त्याने बघितलं नाही.

"बघितलं होतं," घडीवाली म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की बाकीच्यांनी तिला पुन्हा बोल म्हटलं. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. सकाळी उपाशीपोटी जाऊन द्यायचं होतं. ताईची, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची, त्या महिन्याची रजा संपली होती आणि घडीवालीची शिल्लक होती. ताई म्हणाली, तू जाऊन ये, त्यांना एक कागद लागतो, कागद लागला की गोळ्या देतात. आधीही असंच व्हायचं. आक्काच्या वेळी धाकटी जाऊ रक्त देऊन आली होती, काही बिघडलं नव्हतं.

"रक्त माझं होतं, भावोजी. सगळं चांगलं आलं."

बाहेर धुलाईची मशिनं थांबलेली होती. पाईपातून उरलेलं पाणी उतरण्याचा आवाज तेवढा येत होता. मिस्त्रीने उजव्या रकान्यात पाहिलं. तिसऱ्या ओळीसमोरची वेटोळी त्याला आता लागली. रक्त ठीक. विशेष काही नाही.

घडीवाली रडत नव्हती. दोन्ही पंजे समोर धरून मनगटाच्या शिरा बघत होती. आक्काने तिला जवळ ओढलं आणि मिस्त्रीला म्हणाली, "तिला काही बोलू नका. बोलायचं तर मला बोला. मोठी मी होते."

मिस्त्रीने फाईल मिटली. डॉक्टरची मानगूट आता त्याच्या हातात येत नव्हती, पोरीची धरवत नव्हती. आणि जिची धरायची ती नव्हती. उरला तो स्वतः, सांग तिथं म्हणणारा.

रविवारी तो अंथरुणातच पडून राहिला. पडल्या पडल्या त्याला एकच दिसत होतं. उद्या गठ्ठेवालीचं काही दुखलं, तर कुणाचं रक्त जाईल? आक्काच्या छातीचा फोटो काढायला सांगितला, तर कुणाची छाती उभी राहील? नाव तिचं, आणि त्या नावाखाली हे असंच चालू राहणार. ती मेल्यावरही तिच्या नावाने माणसं बरी असल्याचे कागद येत राहणार. एक महिनाही नको, असं त्याने ठरवलं. पण दाखला दिला की कार्ड बंद आणि पाच जणी उघड्यावर. तेव्हा पाचही जणींना एकदमच घेऊन जायला हवं होतं, तेही कामाच्या दिवशी सकाळी. आणि लॉन्ड्रीचा मालक एकीला सोडताना दातओठ खायचा, पाच जणींना काय सोडणार.

सोमवारी मिस्त्री मालकाकडे गेला. त्याला सांगितलं की तुमचा मेन कॉक धरत नाही, मी तुम्हाला वर्षभर सांगतोय, फुटला तर खालचं गोदाम पाण्यात जाईल. उद्या सकाळी आठ ते अकरा पाणी बंद ठेवतो आणि नवा बसवतो. यातलं काहीही खोटं नव्हतं. कॉक खरंच गेलेला होता आणि तो बदलायला एक तास लागतो, एवढंच त्याने सांगितलं नाही. मालक म्हणाला, तीन तास बाया काय करतील? मिस्त्री म्हणाला, पाण्याशिवाय काय करणार, जाऊन येऊ द्या कुठे जायचं असेल तिथे. मालकाने कपाळाला हात लावला.

मंगळवारी त्याने पहाटेच जाऊन कॉक बदलला, आणि बरोबर आठला पाणी बंद केलं. अकरापर्यंत कुणाला उघडता येऊ नये म्हणून नव्या कोऱ्या कॉकचा दांडा काढून खिशात टाकला. साडेआठला दवाखान्याच्या पायऱ्यांवर सहा माणसं उभी होती. आक्काला दम लागला होता. थोरली जाऊ म्हणत होती, पकडून ठेवणार नाहीत ना? घडीवाली सगळ्यांत मागे होती.

खिडकीवरचा कारकून वाईट माणूस नव्हता, पण त्याचा दिवस नुकताच सुरू झाला होता. मिस्त्रीने त्याच्यासमोर आपलं विजेचं बिल ठेवलं आणि म्हणाला, या पाच जणींची नवी कार्डं काढायची. राहायला माझ्याकडे.

कारकुनाने मान तिरकी करून पाचही जणींकडे पाहिलं. खोली केवढी, विचारलं. दहा बाय बारा.

"आणि माणसं सहा? काका, काहीही काय?"

"एका फाईलमध्ये सहा जणी नऊ वर्षं राहिल्या, साहेब. खोली त्याहून बरीच मोठी आहे."

आणि त्याने फाईल खिडकीतून आत सरकवली. पेन्सिलीच्या खुणांसकट. काय काय झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रक्ताचंही सांगितलं. मागच्या रांगेतली माणसं पुढे झुकून ऐकू लागली. कारकून पानं उलटत राहिला. मग तो उठला, आत गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर साठीला आलेले, पाठीत वाकलेले होते. मिस्त्रीने पाच महिने मनात ज्याच्याशी मारामारी केली होती, तो माणूस हा नव्हताच. त्यांनी उभ्या उभ्या फाईल चाळली. मग चष्मा काढून म्हणाले, "दर महिन्याला काहीतरी नवीन. मला वाटायचं, बाई घरी एकटी असेल. बोलायला येत असेल."

"घरी मी होतो," मिस्त्री म्हणाला.

कारकुनाने घसा साफ केला आणि नियमात बसेल का, असं डॉक्टरांना विचारलं. बिलावरचा माणूस स्वतः सही करून सांगत असेल की माझ्या घरातल्या आहेत, तर आपण कोण मोजणारे, असं डॉक्टर म्हणाले. मग आक्काने धीर करून वेळेचं काढलं. नऊला उघडून आम्हाला उपयोग काय, आमचा मालक रोज रोज पाणी बंद ठेवणार नाही. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सातला या, एक-दोन मंगळवार करून बघू. कारकून म्हणाला, सातला खिडकी कोण उघडणार? डॉक्टर म्हणाले, तुम्ही. कारकुनाने कार्डं लिहायला घेतली आणि ती जरा दाबूनच लिहिली.

"नातं काय लिहू?"

"मेहुण्या."

"पाचही?"

"पाचही."

"नशीबवान आहात."

"आक्का मोकळी आहे, हवी तर न्या," मिस्त्री म्हणाला. आक्का म्हणाली, याच्या घरी जाण्यापेक्षा हौदात उडी घेईन. रांगेतली माणसं हसली. कारकूनही.

हसणं ओसरल्यावर मिस्त्रीने खिशातून दाखला काढला आणि खिडकीत ठेवला. कारकुनाने तारीख विचारली. कागदावर ती होती, तरी त्याने विचारली. मिस्त्रीने सांगितली. मोठ्याने ती तारीख उच्चारायची त्याची पहिलीच वेळ होती. कार्डावर आडवी रेघ मारली गेली.

फाईल डॉक्टरांनी आपल्याकडे मागून घेतली. तिची त्यातली कोणती, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रीने तीन ओळींवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी त्या वाचल्या, समोरचं स्वतःचं अक्षर वाचलं, आणि पान मिटलं नाही. तसंच उघडं धरून आत गेले. मग आतून शिपायाला सांगून घडीवालीला पहिलं बोलावलं.

दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. रांग कुरकुरायला लागली. मिस्त्री दारापाशी जाऊन उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, वेळ लागेल जरा, नीट तपासतायत, तुम्हालाही तपासतील. एक म्हातारा म्हणाला, तू कोण रे, इथला आहेस का? मिस्त्री म्हणाला, नाही, मी नळवाला.

दार नीट लागत नव्हतं. फटीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं. घडीवाली नऊ वर्षांच्या सवयीप्रमाणे सुरू झाली होती. आक्काला दम लागतो. थोरलीच्या हातांची सालं निघतात. गठ्ठेवालीला चक्कर येते. डॉक्टर ऐकून घेत होते. मग त्यांनी तिला थांबवलं.

"ते त्या येऊन सांगतील. तुमचं काय?"

"माझंच सांगायचं?"

"फक्त तुमचं."

आत खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला. मिस्त्री पाठ दाराला टेकून, रांगेकडे तोंड करून उभा राहिला. कुणाला पुढे येऊ दिलं नाही.